गोळी मिळते, बोलायला माणूस मिळत नाही : लातूरसारख्या शहरात थेरपिस्ट शोधायचा कुठे?

रात्रीचा एक वाजलाय. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एखाद्या हॉस्टेलवर 'नीट' परीक्षेची तयारी करणारा मुलगा जागा आहे. झोप येत नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. तो फोनवर टाइप करतो, 'थेरपिस्ट निअर मी'. समोर येणाऱ्या यादीत बरीच क्लिनिकं फिजिओथेरपीची असतात. मान दुखत असेल तर पत्ता सापडतो. मन दुखत असेल तर यादी तिथेच संपते.

दरवर्षी १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, सगळ्यांच्या फीडवर 'बोलते व्हा, मदत घ्या' अशा पोस्ट येतात. सल्ला बरोबर आहे. पण पुण्या-मुंबईबाहेर राहणाऱ्याचा पुढचा प्रश्न साधा असतो. बोलायचं कुणाशी? मदत घ्यायची कुठून?

आता या प्रश्नाला कोर्टाच्या आदेशाचीही बाजू आहे.

सुप्रीम कोर्टाने नेमकं काय सांगितलंय?

२५ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचं प्रकरण कोर्टासमोर होतं. त्यात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांच्या खंडपीठाने हा निकाल दिला.

ही तत्त्वं शाळा, कॉलेज, हॉस्टेल आणि खासगी कोचिंग क्लास अशा सगळ्यांना लागू आहेत. योग्य तो कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील.

त्यातले महत्त्वाचे मुद्दे असे :

– १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. त्याला किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण असलं पाहिजे.
– त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था लावून ठेवायची.
– मार्कांवरून बॅचेस वेगळ्या करणं, चारचौघांत पाणउतारा करणं टाळायचं.
– हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये आणि वर्गात मोठ्या अक्षरांत लावायचे.
– जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने यावर देखरेख ठेवायची.

लातूरसाठी हा आदेश मोठा आहे. 'लातूर पॅटर्न'मुळे मराठवाड्यातून आणि बाहेरूनही हजारो मुलं इथे येतात. प्रत्येक मोठ्या क्लासला एक पात्र समुपदेशक लागणार असेल, तर इतकी माणसं आणायची कुठून? इथेच छोट्या शहराची खरी अडचण दिसते.

मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर : कोण काय करतं?

पहिला गोंधळ नावांचा आहे. बोलताना सगळ्यांनाच 'मनाचे डॉक्टर' म्हटलं जातं. पण ही वेगवेगळी माणसं आहेत.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. आजाराचं निदान आणि औषधं हे त्यांचं मुख्य काम.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्या आणि बोलण्यातून केले जाणारे उपचार, म्हणजे थेरपी, हे त्यांचं काम. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. ती आरसीआयच्या संकेतस्थळावर तपासता येते.

समुपदेशक किंवा काउन्सेलर या शब्दात सगळंच येतं. मानसशास्त्रात एमए केलेले, एमएसडब्ल्यू केलेले अनुभवी लोकही त्यात आहेत आणि दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेलेही. २०२१ च्या एका केंद्रीय कायद्याने समुपदेशकांसह अनेक आरोग्य व्यवसायांच्या नोंदणीची तरतूद केली आहे. पण आजही पाटीवर 'थेरपिस्ट' लिहिताना व्यवहारात कुणी परवाना विचारत नाही.

न्यूरोलॉजिस्ट मेंदू आणि नसांच्या आजारांचे डॉक्टर. फिट, अर्धांगवायू वगैरे. छोट्या शहरांत 'मन, मेंदू व व्यसनमुक्ती' अशा एकत्र पाट्या असतात, त्यामुळे हा फरक आणखी पुसट होतो.

लातूरसारख्या शहरात यातला पहिला प्रकार सापडतो. खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अडचण पुढची आहे. डॉक्टर दहा-पंधरा मिनिटं तपासतात, गोळ्या लिहून देतात आणि पंधरा दिवसांनी यायला सांगतात. बाहेर रांग असते, त्यांचाही नाइलाज असतो. दर आठवड्याला पाऊण तास बसून ऐकणारा, शिकलेला माणूस मात्र फार शोधून मिळतो.

अनेक आजारांत गोळ्या अत्यावश्यक असतात. पण नैराश्य, चिंता, पॅनिक अटॅक, धक्का बसल्यानंतरचा त्रास यांत थेरपीचाही मोठा वाटा असतो. म्हणजे छोट्या शहरातल्या पेशंटला बऱ्याचदा अर्धेच उपचार मिळतात.

आकडे काय सांगतात?

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात म्हटलंय, की देशात एक लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. असायला हवेत किमान तीन.

२०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाख. तीनच्या हिशेबाने जिल्ह्याला सुमारे ७४ मानसोपचारतज्ज्ञ लागतील. देशाच्या सरासरीने धरले तर होतात १८. आणि ही सरासरी आहे. प्रत्यक्षात डॉक्टर मोठ्या शहरांत एकवटलेले असतात.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यानुसार देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता.

दुसरीकडे एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालात देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदवल्या गेल्या, २२,७४६.

राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात यातलं एकही नाही.

छोट्या शहरात थेरपिस्ट का टिकत नाहीत?

याचं एक कारण शिक्षणात आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीचं आरसीआयमान्य प्रशिक्षण रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थांत होतं. अशा संस्था मोजक्या, जागा कमी आणि त्या बहुतांश मोठ्या शहरांत. तिथे शिकलेला माणूस तिथेच राहतो. अवघड केसमध्ये सल्ला द्यायला सीनिअर तिथे असतात, संदर्भ तिथे मिळतात, फीही तिथेच मिळते.

दुसरं कारण हिशेबाचं. थेरपीचं एक सत्र पाऊण तासाचं. दिवसात पाच-सहापेक्षा जास्त सत्रं नीट घेता येत नाहीत. मोठ्या शहरात एका सत्राला हजार-दीड हजार किंवा त्याहून जास्त मिळतात. छोट्या शहरात पाचशे मागितले तरी 'नुसत्या गप्पांचे पाचशे?' असा प्रश्न येतो. त्यातून जागेचं भाडं, न आलेले पेशंट वजा केले की गणित बसत नाही. मग शिकलेली मुलगी शाळेत नोकरी धरते, एचआरमध्ये जाते किंवा पुण्याची बस पकडते.

तिसरं कारण सरकारी भरतीचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्याच्या आराखड्यात प्रत्येक जिल्ह्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी टीम आहे. पण ही पदं बहुतांश कंत्राटी. वर्षाच्या करारावर, मोठ्या शहरापेक्षा कमी पैशात आलेला तज्ज्ञ किती दिवस थांबणार?

लोक लाजेमुळे जात नाहीत, हे खरं का?

काही अंशी खरं आहे. पण सगळं खापर लाजेवर फोडलं की व्यवस्थेला सूट मिळते.

छोट्या शहरात लाजेपेक्षा मोठी भीती ओळखीची असते. दवाखान्याबाहेर गाडी लावली की कुणीतरी बघतं. मेडिकलवाला चुलत्याच्या ओळखीचा निघतो. संध्याकाळपर्यंत 'काय झालं रे पोराला?' असा फोन घरी येतो. म्हणून अनेक जण एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन डॉक्टर गाठतात. पुणे लातूरहून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. दर आठवड्याला इतका प्रवास करून थेरपी कोण घेणार?

शिवाय लोक मदत मागतच नाहीत, असंही नाही. ते वेगळ्या दारी मागतात. 'जीव घाबरा होतो', 'डोकं गच्च झालंय', 'कशातच मन लागत नाही' हे शब्द घेऊन माणूस आधी फिजिशियनकडे जातो. ईसीजी निघतो, टूडी इको होतो, रिपोर्ट नॉर्मल येतात. 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' असं सांगून त्याला घरी पाठवलं जातं. त्याला मानसिक आरोग्य विभागाची चिठ्ठी मिळाली असती, तर पुढचे कित्येक महिने वाचले असते. तिथून काही जण देवऋषाकडे वळतात, कारण तो निदान तासभर बोलतो तरी.

कायदा काय देतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ पासून लागू झाला. त्याने उपचार मिळणं हा हक्क मानलाय. तुमच्या रोजच्या उपयोगाच्या तरतुदी या :

– दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या मानसिक आरोग्य संस्थांत मोफत उपचार मिळाले पाहिजेत.
– जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसतील, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने करायचा.
– उपचारांची माहिती गुप्त ठेवणं हा पेशंटचा हक्क आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला धोका असणं हा त्यातला महत्त्वाचा.
– आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असं गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही जुन्या ३०९ कलमासारखा सरसकट गुन्हा उरलेला नाही. त्यामुळे 'पोलीस केस होईल' या भीतीने मदत टाळू नका.
– विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं. विमा नियामकानेही २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं.

पण मेख इथेच आहे. बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतात. थेरपी असते ओपीडीत, त्यामुळे तिचा खर्च खिशातूनच जातो. आणि 'त्याच जिल्ह्यात दुसरीकडे' ही तरतूद जिल्ह्यात कुणीतरी असेल तरच कामाची. ज्या जिल्ह्यात थेरपिस्टच नाही, तिथे सरकार खर्च द्यायला तयार असलं तरी द्यायचा कुणाला?

मग तज्ज्ञ तयार होईपर्यंत वाटच बघायची?

नाही. याचं एक उत्तर शेजारच्या गोव्यात तपासलं गेलंय. 'संगत' या संस्थेशी जोडलेल्या संशोधकांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची व्यावसायिक पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना नैराश्यावरच्या एका ठरावीक पद्धतीचं प्रशिक्षण दिलं. त्यांनी पेशंटबरोबर सहा ते आठ सत्रं घेतली. 'लॅन्सेट'मधल्या निष्कर्षांनुसार, या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य तीन महिन्यांनी ओसरलं होतं. ज्यांना केंद्रातली नेहमीची सुधारित सेवाच मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पाने गावातल्याच स्वयंसेवकांना ऐकून घेण्याचं आणि गरज पडल्यास पुढे पाठवण्याचं शिक्षण दिलं.

अर्थात, दोन दिवसांचा कोर्स केला की कुणीही थेरपी द्यावी, असा याचा अर्थ होत नाही. या माणसांना पक्कं प्रशिक्षण होतं, ठरलेली पद्धत होती आणि त्यांच्या कामावर नियमित देखरेख होती. या तीन गोष्टी असतील तर लातूरला पुण्याहून तज्ज्ञ येण्याची वाट बघत बसावं लागत नाही.

आज, लातूरमध्ये बसून सुरुवात कुठून करायची?

१. आधी १४४१६. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज असेल तर तज्ज्ञांकडे जोडून देतात. फोनवर जवळच्या सरकारी सेवेची माहितीही मागा.

२. साधी रक्ततपासणी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२ यांच्या गडबडीतही थकवा, उदासी, धडधड जाणवते. फॅमिली डॉक्टरांना तसं विचारा. रिपोर्ट नॉर्मल आले तर 'मग पुढे कुणाकडे जाऊ?' हेही विचारा.

३. सरकारी रुग्णालयाची ओपीडी. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयात 'मनोविकृती विभाग' किंवा 'मानसोपचार विभाग' कुठे आहे ते विचारा. तिथे एक नेमका प्रश्न करा : 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुठल्या दिवशी बसतात?' बऱ्याच लोकांना ही सोय असते हेच माहीत नसतं.

४. औषध गावात, थेरपी ऑनलाइन. मानसोपचारतज्ज्ञ जवळचे ठेवा आणि बोलण्यासाठी मराठी बोलणारे ऑनलाइन थेरपिस्ट शोधा. दोघांना एकमेकांबद्दल सांगा. हॉस्टेलवर तीन रूममेट असतील तर बोलायची जागा आधी ठरवा. गच्ची, रिकामा वर्ग, घर जवळ असेल तर मावशीची खोली.

५. पहिल्याच फोनवर हे विचारा. शिक्षण काय? आरसीआय नोंदणी आहे का? फी किती, सत्र किती वेळाचं? कमी फीचे स्लॉट आहेत का? घरच्यांना काय सांगाल? तुम्ही १८ वर्षांखालचे असाल तर पालकांना सामील करून घ्यावं लागतं. पण कोणती गोष्ट सांगितली जाईल आणि कोणती नाही, हे आधी स्पष्ट करून घेता येतं.

६. वेळ द्या. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून त्या मनानेच बंद करू नका. थेरपीत पहिल्या सत्रात चमत्कार होत नाही. तीन-चार सत्रांनंतरही सूर जुळत नसेल, तर थेरपिस्ट बदलण्यात काहीच गैर नाही.

सावध कधी व्हायचं? एका सत्रात पूर्ण बरं करण्याची हमी, तज्ज्ञांनी लिहून दिलेली औषधं बंद करायचा आग्रह, वीस सत्रांचे पैसे आगाऊ, नोंदणी विचारल्यावर चिडचिड. यातलं काहीही दिसलं तर उठा आणि बाहेर पडा.

आदेशाची खरी परीक्षा कुठे होणार?

सुप्रीम कोर्टाच्या आदेशाचं दोन प्रकारे काहीतरी होऊ शकतं.

पहिल्या प्रकारात क्लासेस एखाद्या मोटिव्हेशनल स्पीकरला 'काउन्सेलर' म्हणून बसवतील. तो 'पॉझिटिव्ह राहा' सांगेल, मुलाने काय सांगितलं ते सरांना कळवेल आणि पुढच्या टेस्टला मार्क का कमी आले ते विचारेल. कागदावर नियम पाळला जाईल. पण एकदा असा अनुभव आलेला मुलगा पुन्हा कुणापुढे तोंड उघडणार नाही. समुपदेशक नसण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं आहे.

दुसऱ्या प्रकारात चार-पाच क्लासेस मिळून एका पात्र माणसाला चांगला पगार देतील. त्याची खोली ऑफिसपासून लांब असेल आणि तो मालकाला नावं सांगणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांशी त्याची व्यवस्था लागलेली असेल. अशा वीस-पंचवीस नोकऱ्या तयार झाल्या, तर पुण्याला गेलेली मुलगी परत लातूरला येण्याचा विचार करू शकते. आणि ती आली तर फायदा फक्त क्लासच्या मुलांचा नाही, अख्ख्या शहराचा होईल.

यातलं काय होणार हे बरंचसं जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीवर अवलंबून आहे. थोडं पालकांवरही आहे. क्लासच्या ऑफिसात बसून फी, रिझल्ट, मेस असे दहा प्रश्न ते विचारतात. त्यात एक अकरावा घालायला हरकत नाही : 'तुमचे समुपदेशक कोण आहेत, त्यांचं शिक्षण काय, आणि आमच्या मुलाने त्यांना सांगितलेलं तुमच्यापर्यंत येतं का?'

(तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर एकटे राहू नका, त्यांना एकटं सोडू नका. १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.)